मागच्या खोलीतला बॉयलर

मंगळवारी कचऱ्याचे डबे फुटपाथवर काढून ठेवताना शेजारच्या गेनरने अगदी गोड आवाजात, अगदी सहज म्हणून विचारलं, "हिलरी, तुमच्याकडे सुताराचं काम काढलंय का गं काही? नाही, काढलं असेल तर काढा बाई, घर तुमचंच आहे. सकाळी भिंत ठोकल्यासारखी वाजते, म्हणून आपलं विचारलं. बाळ दचकतं थोडंसं." हिलरी पॅजेट हसली. आतून जळून खाक झालेली असताना कसं हसायचं हे तिला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं. "अगं, माफ कर हं," ती म्हणाली, "आमचा बॉयलर आहे तो. बघतो आम्ही, एकदोन दिवसांत बघतोच." "छे गं, आम्हाला काही त्रास नाही," गेनर म्हणाली आणि डब्याचं झाकण हलक्या हाताने मिटून आत गेली. काही त्रास नाही म्हणे. इंग्लंडातल्या हल शहराच्या या भागात कुणी 'काही त्रास नाही' म्हणालं की समजायचं, रात्री नवराबायकोत याच्याशिवाय दुसरा विषय झालेला नाही.

आत येऊन तिने दार हळूच लावलं. आपटावंसं फार वाटत होतं, पण या घरात दार आपटायची पद्धत नव्हती. रोलंडशी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून नव्हती, आणि तिच्या माहेरीही नव्हती. तिला गेनरचा राग आला, मग गेनरच्या बाळाचा आला, मग बाळाचा राग आल्याची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. पण हे सगळे राग फिरून फिरून शेवटी रोलंडवरच येऊन बसत होते. तो बाहेर गेला होता. गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यांवर, आपल्या लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, कांड्यांजवळ, चिखलात उभा असेल मख्खासारखा. आणि बॉयलर वर मागच्या खोलीच्या कपाटात होता. घरभरच्या रेडिएटरांना गरम पाणी पुरवायचं एवढंच त्याचं काम, पण आधी तो टकटक करायचा, मग घसा खाकरल्यासारखा घरघरायचा, मग एखादी भलीमोठी किटली उकळत यावी आणि तिची शिट्टी काही होऊ नये तसा चढत, चढत, चढत जायचा, आणि शेवटी आतून कुणी हातोडा घेऊन बसल्यासारखे दणादण ठोके सुरू व्हायचे. ते ठोके नळ्यांतून जमिनीखालून येत आणि बाथरूमच्या भिंतीतून थेट हिलरीच्या उशाशी निघत. त्यातून गेल्या हिवाळ्याआधी रोलंडने बॉयलरच्या घड्याळाचा काटा अलीकडे ओढून ठेवला होता, म्हणजे उजाडायच्या कितीतरी आधी बॉयलर पेटायचा. "थंडी वाजते सकाळी," तो म्हणाला होता. थंडी. ज्या माणसाने आयुष्यभर बस डेपोच्या उघड्या शेडमध्ये इंजिनांखाली पाठ टेकून काम केलं त्याला आता गादीत थंडी वाजायला लागली होती.

"मी आहे तोवर चालेल की तो," हे रोलंडचं नेहमीचं. गालिच्याचं असंच, मोटारीचं असंच, कोटाचं असंच. या गावात साठी उलटली की पुरुष सगळ्या वस्तूंना असं म्हणायला लागतात, आणि बायकांनी त्यावर हसायचं असतं. हिलरी बरीच वर्षं हसली. पण रोज पहाटे डोक्यात घण पडायला लागले तेव्हा त्या वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तू आहेस तोवर, आणि मग मी? मी काय तुझ्यामागून त्याच्या ठोक्यांना दाद देत बसू? हे ती मनात म्हणायची. तोंडाने म्हणायची, "चहा हवाय?" आणि तो म्हणायचा, "अर्धा कप." आणि त्या अर्ध्या कपातलाही अर्धा तो सिंकमध्ये ओतायचा, हे तिने पाहिलं होतं. रविवारचा रोस्ट असाच. बटाटे काट्याने इकडचे तिकडे करायचे, मांसाचा एक तुकडा खायचा, आणि "झकास झालंय" म्हणून ताट सरकवायचं. इतक्या वर्षांनी त्याला माझ्या हातचं नकोसं झालंय, एवढंच तिला त्यातून समजलं, आणि ते तिला लागलं, पण लागलं असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिने ताटं जरा जोरात घासली.

गेल्या रविवारी मात्र तिचा बांध फुटला होता. फुटला म्हणजे काय, तिने टेबलावर हात ठेवून, आवाज न चढवता सांगितलं, "रोलंड, या आठवड्यात तो आवाज बंद झाला नाही तर मी एव्हरिलकडे ब्रिडलिंग्टनला जाईन. चार दिवसांसाठी नाही म्हणत मी. जाईन." एव्हरिल तिची बहीण; समुद्राकाठी एकटी राहते, खोली रिकामीच असते. हिलरीला वाटलं होतं तो घाबरेल. निदान वर तरी बघेल. त्याने वर्तमानपत्राची घडी केली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, "जा की. तुला जरा बदल होईल." या 'जा की'ने ती तेव्हापासून पोळत होती. चौतीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस बसचा थांबा सांगावा तसा म्हणतो, जा की. आपण खरंच जाणार का, हे तिला ठाऊक नव्हतं. पण धमकी म्हणून काढलेला शब्द आता घरात बॅगेसारखा मधोमध पडला होता, आणि तो उचलून आत ठेवायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं.

म्हणून मंगळवारी, गेनरचं ते गोड बोलणं कानात घेऊनच, तिने त्याला न विचारता फोन केला, आणि बुधवारी रोलंड वाफ्यांवर गेल्यावर ब्लेनकिन नावाचा कारागीर आपली पेटी, नळ्या आणि एक गुरगुरणारं यंत्र घेऊन दारात उभा राहिला. तिने आधी चहा दिला. तो दोन चमचे साखर घालून, ढवळत, जिन्याकडे बघत म्हणाला, "मी आलो होतो की इथं मागं."

"नाही हो. दुसऱ्या कुणाकडे गेला असाल."

"हिरवं दार, बाजूला गुलाबाचं खोड. पानं गळत होती तेव्हा. तुमच्या साहेबांनी पायरीवरच सांगितलं, झालं बघा आमचं काम, आता गरज नाही. चहा मात्र पाजला. उभ्याउभ्या प्यालो, चांगला माणूस आहे."

हिलरी म्हणाली, "हो का, असेल, असेल," आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. पण तिचे कान तापले होते. तेव्हा तिनेच त्याला बोलावलं होतं. त्या दिवशी ती दंतवैद्याकडे गेली होती, आणि परत आल्यावर रोलंड म्हणाला होता, आला नाही गं तो. हल्ली कुणी शब्द पाळत नाही. आणि तिने सगळा शरद ऋतू या बिचाऱ्या ब्लेनकिनला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. खोटं बोलला. रोलंड पॅजेट, ज्याने एकदा किराणामालाच्या दुकानात जास्त आलेली नाणी परत द्यायला पावसातून चालत जाऊन तिला तासभर वाट बघायला लावली होती, तो स्वयंपाकघरात उभा राहून तिच्या तोंडावर खोटं बोलला, तेही एका बॉयलरसाठी.

वरून ब्लेनकिनने हाक मारली. मागच्या खोलीत ती फारशी जात नसे. रोलंड तिथे झोपायला गेल्याला दोन हिवाळे झाले होते, 'माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते' म्हणून. पलंग नीट लावलेला, उशीजवळ रेडिओ, खिडकीत पोटाच्या गोळ्यांची बाटली, जी या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या खिडकीत असते. ब्लेनकिन गुडघ्यांवर बसून कपाटात टॉर्च मारत होता. "रोज कुणीतरी पाणी घालतंय यात," तो म्हणाला. "हा पाण्याच्या दाबाचा काटा खाली आला की ही तोटी उघडायची. एखाद्या वेळी ठीक. पण रोज नवं पाणी म्हणजे रोज नवा क्षार. तुमच्या किटलीत बघा तळाला कसा पांढरा थर धरतो, तसा आत धरलाय. त्याच्यामागं पाणी अडकून उकळतंय, म्हणून हा धिंगाणा. आणि पाणी कमी का होतं म्हणाल तर हे बघा." रेडिएटरच्या कोपऱ्याशी नळी पाझरत होती आणि तिच्याखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलेला होता, स्वच्छ, तळाशी फडकं घालून, म्हणजे थेंबाचा आवाज होऊ नये. "साहेब करायचे काय?"

"डेपोत मेकॅनिक."

"मग त्यांना हे ठाऊक असणार," ब्लेनकिन म्हणाला, आणि पाना शोधायला लागला.

हिलरी जिन्यात बसून राहिली. वर यंत्र नळ्यांतून पाणी फिरवत होतं, सगळं घर पायाखाली थरथरत होतं. ठाऊक असणार. म्हणजे नळी पाझरते हे ठाऊक, रोज पाणी घातल्याने काय होतं हे ठाऊक, ठोके कशाचे हे ठाऊक, आणि तिच्या डोक्याची शकलं होतात हे तर ती सांगतच होती. तरी फडकं घालून डबा ठेवला. थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून जो माणूस फडकं घालतो तो हातोड्याचा आवाज वर्षभर चालू देतो, याचा अर्थ काय लावायचा? तिने एकच अर्थ लावला. त्याला मी घरात नकोय. तोंडाने सांगता येत नाही, कारण इथे कुणालाच काही तोंडाने सांगता येत नाही, म्हणून त्याने बॉयलरकडून सांगवलं. या विचाराने ती इतकी चिडली की हसू आलं तिला. आणि मग कुठून कोण जाणे, तिला लहानपणचं घर आठवलं, बंदराजवळच्या गल्लीतलं, ज्याच्या भिंती पत्त्यांसारख्या पातळ होत्या. पलीकडे लोमॅक्स म्हणून एक जण राहायचे. त्यांचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर गेला तो आलाच नाही. लोमॅक्स संध्याकाळी भिंतीपलीकडे रडायचे. बाईसारखं नाही, लहान मुलासारखंही नाही; काहीतरी जड वस्तू फरशीवरून ओढल्यासारखं. हिलरीने चमचा खाली ठेवला की आई म्हणायची, "जेव. ऐकायचं नसतं ते," आणि रेडिओ जरा मोठा करायची. सकाळी दारात आई लोमॅक्सना विचारायची, कसे आहात, आणि ते टोपीला हात लावून म्हणायचे, बरं आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. आई आत येऊन म्हणायची, शहाणा माणूस. आईचा तिला कधीच राग आला नव्हता. आज पहिल्यांदा आला, आणि आई गेल्यालाही आता इतकी वर्षं झाली होती की त्या रागाचं काय करावं ते तिला कळेना.

दुपार कलताना ब्लेनकिनने नळी घट्ट केली, तोटी बंद केली, आणि बॉयलर सुरू करून दाखवला. काही नाही. नुसती एक मऊ फुंकर, आणि रेडिएटर हाताला गरम. "वाट बघा हवं तर," तो म्हणाला, "आता नाही बोलायचा तो." हिलरी हात रेडिएटरवर ठेवून उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. ती जिंकली होती, पण जिंकल्यासारखं वाटेना.

रोलंड आला तो दिवे लागल्यावर, हातात चिखलाने माखलेल्या लीकच्या चार कांड्या. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कान देऊन. "शांत आहे," तो म्हणाला.

"माणूस बोलावला होता."

"हं. छान झालं." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला ती राग समजली. "शेजारच्या बाळालाही बरं वाटेल आता."

"तो मागंही आला होता म्हणे. तू परत पाठवलंस."

"विसरलो असेन सांगायला."

"तू म्हणालास, आलाच नाही."

"असं म्हणालो का मी?" त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली, बोटं गाठीवरून घसरत होती. बेल्ट आतल्या, नव्याने पाडलेल्या भोकात अडकवलेला तिला दिसला, आणि वाफ्यांवर राबून वाळलाय मेला, एवढंच तिच्या मनात आलं.

"रोलंड, तुला मी या घरात नकोय का?"

त्याने वर पाहिलं. चौतीस वर्षांत तिने त्याला असं काही विचारलं नव्हतं, आणि तो खरोखरच हबकला. "काहीतरीच काय," तो म्हणाला. मग बूट बाजूला सरकवून, "चहा टाकू?"

"टाक. आणि सिंकमध्ये ओत," हिलरी म्हणाली आणि वर गेली. कपाटावरची बॅग काढली. तिच्यात दोन स्वेटर भरले, चपला ठेवल्या, औषधं ठेवली. खाली त्याने कप मांडल्याचा आवाज आला, मग कप परत ठेवल्याचा. जेवताना दोघं बागेविषयी बोलले.

सकाळी तिला शांततेनेच जाग आली. अंधार होता. रेडिएटर हलकेच तापत होता, भिंतीत काही नव्हतं, उशाशी काही नव्हतं. ती वर्षभर याचीच वाट बघत होती, आणि आता नुसती पडून त्या शांततेत कान रुतवून राहिली. मग बाथरूमच्या दिव्याची कळ वाजली. नळ सुटला. नळाखाली दुसरा एक आवाज होता. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, कुणीतरी ओकतंय, तोंड दाबून, घशातल्या घशात, आणि थांबतंय, आणि परत. मध्ये श्वास ओढल्याचा आवाज. आणि मग रोलंडचा आवाज, अगदी हळू, कुणालाच नाही, बेसिनला: "सॉरी." पुन्हा ओकारी. पुन्हा, "सॉरी."

हिलरी उठून बसली. घड्याळाचा अलीकडे ओढलेला काटा. मागची खोली. पायरीवर पाजलेला चहा. फडकं घातलेला डबा. 'जा की, बदल होईल.' सगळं एकामागून एक तिच्या अंगावर येऊन पडलं, आणि तिला दुःख व्हायला हवं होतं पण झालं नाही. तिला असा संताप आला की ती अनवाणीच बाथरूमच्या दारापर्यंत गेली. हा माणूस वर्षभर ठोक्यांच्या आड उभा राहून ओकत होता आणि ती ठोक्यांना शिव्या देत होती. सवयीने ती एक क्षण थांबली. असं काही ऐकू आलं की कूस बदलायची, खोकायचं, सकाळी विचारायचं, कसा आहेस. या घरात बाथरूमचं दार न वाजवता कुणी कधी उघडलं नव्हतं. तिने ते उघडलं.

तो बेसिनवर वाकला होता. पायजम्याचा सदरा पाठीवर लोंबत होता, खाली मणका अन् मणका मोजता येत होता. त्याने झटकन टॉवेल पुढे केला, पण बेसिनमध्ये तिला दिसायचं ते दिसलं. पाण्याबरोबर लाल धागे फिरत होते.

"काही नाही गं," तो म्हणाला. "पोट जरा बिघडलंय."

"किती दिवस?"

"कमीजास्त असतं."

"किती दिवस, रोलंड?"

"गेल्या शरदापासून असेल. हे लाल मात्र आत्ता आत्ता." तो टबाच्या कडेवर बसला. "गेलो होतो की मी डॉक्टरांकडे. मागं एकदा तू एव्हरिलकडे गेली होतीस तेव्हा."

"काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, कसं काय आहे. मी म्हटलं, तसं बरं आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. थोडं पोट म्हटलं. त्यांनी गोळ्या दिल्या."

हिलरीला एकदम त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याचे खांदे टॉवेलात गुंडाळावेसे वाटले, त्याला थंडी वाजत होती. तिने टॉवेल गुंडाळला. "आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तुझं डोकं आधीच उठलेलं होतं त्या आवाजाने," तो म्हणाला. "त्यात आणखी माझी कटकट कशाला. आवाज होता तोवर निदान माझा तरी त्रास नव्हता तुला."

तेव्हा हिलरी ओरडली. शब्द असे फारसे नव्हते त्यात. मूर्खा होतं, मूर्ख म्हाताऱ्या होतं, चौतीस वर्षं होतं, आणि त्याचं नाव बऱ्याचदा होतं. आयुष्यात एवढा आवाज तिने कधी काढला नव्हता. तो छातीच्या कुठल्या कोपऱ्यात होता तेही तिला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे गेनरचं बाळ दचकून रडायला लागलं. रडू दे, हिलरीला वाटलं. रोलंड टॉवेल धरून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता, अनोळखी माणसाकडे बघावं तसा, आणि जरा वेळाने, फार दमल्यासारखा, तिच्या पोटाला डोकं टेकून राहिला. तिने हात त्याच्या डोक्यावर ठेवला. राग गेला नव्हता. हात तसाच ठेवला.

दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा सगळं गाव एकदमच फोन करतं. हिलरी दिवाणखान्यात उभी राहून, पाळी येईपर्यंत फोनवर वाजत राहणारं ते कंटाळवाणं संगीत ऐकत होती. बॅग जिन्यापाशी तशीच होती. रोलंड जिन्याच्या खालच्या पायरीवर, पायजम्यावर कोट घालून बसला होता. कोट तिनेच घालायला लावला होता. अखेर एका दमलेल्या पोरीचा आवाज आला. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पोटाचं म्हटल्यावर कागद चाळल्याचा आवाज आला. "पुढच्या आठवड्याच्या शेवटी एक वेळ आहे," ती म्हणाली. "चालेल का? की तातडीचं आहे?"

रोलंडने ऐकलं असावं. तो हात हलवून कुजबुजत होता, "चालेल म्हण. पुढच्या आठवड्यात चालेल. उगाच लोकांना कशाला..." आणि हिलरीच्या जिभेवरही तेच आलं होतं, आपोआप, आईच्या आवाजात: तुम्हाला जमेल तसं, काही घाई नाही.

"हो," हिलरी म्हणाली. "तातडीचं आहे. रक्त पडतंय त्याचं. आणि हे बघ पोरी, तो तिथे आला की तुम्हाला सांगेल, बरं आहे म्हणून. त्याचं ऐकू नका."